उडालेला पोपट पिंजऱ्यात परत आणताना: काय, कधी आणि कोणत्या क्रमाने

पाळलेला कॉकटेल (कॉकॅटियल, तुऱ्याचा छोटा परदेशी पोपट) उडून समोरच्या सोसायटीतल्या गुलमोहरावर बसला की पुढच्या अर्ध्या तासात काय होणार हे जवळपास ठरलेलं असतं. घरातले सगळे एकदम जिना उतरतात. वॉचमन बांबू घेऊन येतो. तिसऱ्या मजल्यावरचे काका गॅलरीतून सूचना सोडतात, पोरं शिट्ट्या मारतात, कोणी फायर ब्रिगेडला फोन लावतं, आणि एवढ्या गलक्यात पक्षी उठतो आणि दिसेनासा होतो. संध्याकाळी घरात रडारड. दुसऱ्या दिवशी रिकामा पिंजरा धुऊन माळ्यावर.

यातली जवळपास प्रत्येक गोष्ट चुकीची आहे, आणि पिंजरा माळ्यावर टाकणं सगळ्यांत चुकीचं.

घरात वाढलेल्या पक्ष्याला वर उडता येतं, उंचावरून खाली उतरायची मात्र सवयच नसते. दहा फुटांच्या खोलीत तो ते शिकणार कधी? म्हणून तो शेंड्यावर अडकतो. तुम्हाला ओळखतो, हाकेला ओ देतो, पण येत नाही. लोक म्हणतात रुसला, नाहीतर मोकळीक आवडली. बहुतेक वेळा त्याला फक्त खाली यायची वाट दिसत नसते. त्याला धरायला वर चढू नका. त्याला उतरता येईल अशी जागा तयार करा आणि थांबा. पुढचे सगळे टप्पे याच हिशेबाने लावले आहेत.

सुरुवातीलाच एक अट

हा लेख कॉकटेल, बजी, लव्हबर्ड, कोन्युर, आफ्रिकन ग्रे अशा परदेशी जातींसाठी आहे. लाल चोचीचा आपला देशी हिरवा पोपट, पहाडी पोपट आणि तोईपोपट वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत. त्यांना पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे, मग तो घरात दहा वर्षं असो की आजोबांच्या वेळेपासून. असा पोपट उडाला तर पिंजरा लावू नका. माणसाळलेला असेल आणि बाहेर निभाव लागत नसेल तर वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा.

परदेशी पक्ष्यांपैकी ज्यांना परिवेश पोर्टलवरची (केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या संकेतस्थळावरची) नोंदणी लागू होते, त्यांचे कागद आणि पायातल्या रिंगचा नंबर हाताशी काढून ठेवा. पक्षी दुसऱ्याच्या घरात सापडला तर तो तुमचा हे सांगायला तेवढाच पुरावा असतो.

## टप्पा १: पहिली दहा मिनिटं

कामं दोनच आहेत. डोळा ठेवणं आणि दिशा लक्षात ठेवणं.

एकाने जागेवरून हलायचं नाही. पक्षी ज्या खिडकीतून किंवा गॅलरीतून गेला तिथेच उभं राहून नजर त्याच्यावर ठेवायची. दुसऱ्याने जिना उतरायचा नाही, गच्चीवर जायचं. खालून हिरव्या पानांत हिरवा कोन्युर दिसत नाही, वरून दिसतो. गच्चीची किल्ली वॉचमनकडे असते आणि वॉचमन नेमका तेव्हाच चहाला गेलेला असतो, तेव्हा घरात पक्षी असेल तर किल्ली कुठे असते ते आजच विचारून ठेवा.

ज्या खिडकीतून गेला ती उघडीच ठेवा. घरातले सगळे पंखे बंद करा. घाबरलेला पक्षी एक गिरकी घेऊन आला त्याच वाटेने आत शिरला, असंही होतं, आणि आत फिरता पंखा असेल तर पुढचं सांगायला नको.

पक्षी हाताच्या उंचीवर, कठड्यावर किंवा कुंडीवर बसला असेल तर झडप घालू नका. टॉवेल फेकू नका. बाजूने, सावकाश, थेट डोळ्यांत न बघता जवळ जा आणि रोजच्यासारखं बोट पोटाशी न्या. रोज तुम्ही "ये बेटा" म्हणत असाल तर तेच म्हणा, त्याच आवाजात. घाबऱ्या आवाजातली हाक त्याच्या ओळखीची नसते.

> तपासा: पक्षी शेवटचा कुठे दिसला ते झाड, मजला आणि वेळ मोबाइलमध्ये लिहिलं का? "त्या तिकडच्या झाडावर" हे तासाभराने कोणालाच आठवत नाही.

## टप्पा २: दिसेनासा झाला असेल तर शोध

आधी दहा मिनिटं गप्प बसून ऐका. सगळे ओरडत राहिले तर त्याचं उत्तर ऐकणार कोण?

एक हाक मारा, मिनिटभर थांबा, कान द्या. घरात त्याचा जोडीदार पक्षी असेल तर त्याच्यासारखा हाकारा कोणी नाही. तो नसेल तर मोबाइलमधले जुने व्हिडिओ काढा आणि त्यात ऐकू येणारा तुमच्याच घरचा आवाज लावा: कुकरची शिट्टी, त्याच्याशी गप्पा, त्याचीच शीळ. तोही थोडा लावून बंद करायचा. इंटरनेटवरचे अनोळखी पक्ष्यांचे आवाज तासन्‌तास वाजवून काही मिळत नाही. झालंच तर पक्षी गोंधळतो.

शोध आपल्या इमारतीपासून सुरू करा. डक्ट, गिझरच्या पाइपांमागची जागा, एसीचं बाहेरचं युनिट, वरच्या मजल्यांची कबूतरजाळी. मग शेजारची झाडं, आणि मगच पुढचा रस्ता. पुण्यात कोथरूड, सहकारनगर, औंध अशा जुन्या झाडांच्या भागात एकाच पर्जन्यवृक्षावर पक्षी दिवसभर गुडूप राहू शकतो. उलट बाणेर-बालेवाडीच्या उंच टॉवरांमध्ये वाऱ्याने तो पुष्कळ लांब जातो. कॉकटेल तर ताकदीचा उडणारा, त्याचा शोध सुरुवातीपासूनच मोठ्या घेरात ठेवा.

कावळ्यांचा कालवा ऐकू आला तर आधी तिकडे जा. अनोळखी पिवळा-पांढरा पक्षी दिसला की कावळे गोळा होतात. तुम्हाला दिसला नाही तरी त्यांना दिसलेला असतो.

वेळही महत्त्वाची. उजाडल्यापासून नऊ-साडेनऊपर्यंत आणि चारनंतर सूर्य मावळेपर्यंत पक्षी बोलतो, हलतो, खाणं शोधतो. भर दुपारी तो सावलीत निपचित बसतो. एप्रिल-मेच्या उन्हात दुपारी बारा ते चार तुम्ही रस्त्यावर फिरून स्वतः आडवे व्हाल. तो वेळ पोस्टर छापायला आणि पिंजरा लावायला वापरा.

## टप्पा ३: लोकांना सांगणं

हे थोडक्यात. सोसायटीचा व्हॉट्सअॅप ग्रुप, आजूबाजूच्या तीन-चार सोसायट्यांचे वॉचमन, इस्त्रीवाला, दूधवाला, सकाळी कचरा न्यायला येणाऱ्या ताई, जवळचे पक्ष्यांचे डॉक्टर. वर बघत फिरणारी शाळेची पोरं सगळ्यांत उपयोगी.

मेसेजमध्ये मोठा फोटो, एकच फोन नंबर आणि ठळक अक्षरांत हे वाक्य: "पकडायला जाऊ नका. फोटो काढा, जागा सांगा, फोन करा." बक्षिसाची रक्कम लिहिली की चौकातली चार टोळकी गलोल आणि जाळं घेऊन बाहेर पडतात, म्हणून ती लिहू नये असं माझं मत आहे. रिंगचा नंबरही जाहीर करू नका. "सापडला" म्हणून फोन करणाऱ्याला तोच विचारायचा असतो.

## टप्पा ४: पिंजरा लावणं

इथे सगळ्यांत जास्त चुका होतात, म्हणून सावकाश वाचा.

कोणता पिंजरा? त्याचाच. न धुतलेला, त्याच्या झोक्यासकट, चावून कुरतडलेल्या घंटीसकट. नवा, मोठा, चकचकीत पिंजरा त्याच्या दृष्टीने परका आहे.

कुठे? पक्षी बसलाय त्याच झाडाखाली, बुंध्याशी पिंजरा ठेवणं ही ठरलेली चूक. तो पन्नास फुटांवर, पिंजरा थेट खाली. एवढं सरळ खाली उतरणं हेच तर त्याला जमत नाही. पिंजरा त्याच्या उंचीच्या जितका जवळ नेता येईल तितका न्या. गच्ची, समोरच्या इमारतीची गॅलरी, जिन्याची खिडकी, काहीही. आणि झाडापासून बाजूला ठेवा, म्हणजे त्याला तिरकं, लांबट उतरता येईल. मधे वायरी, डिशच्या छत्र्या, कपडे वाळत घालायच्या दोऱ्या नकोत. ज्यांची गॅलरी हवी त्यांना आधी नीट विचारा. एरवी पार्किंगवरून बोलत नसतील, तरी पक्ष्यासाठी बहुतेक जण दार उघडतात.

कसा? स्टुलावर किंवा टेबलावर, जमिनीवर नाही. अर्धा सावलीत. दार पूर्ण उघडं आणि कपड्यांच्या चिमट्याने पक्कं धरलेलं, वाऱ्याने आपटता कामा नये. गच्चीवर मुंग्या असतातच, स्टुलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा.

खाणं तीन ठिकाणी ठेवा. थोडं पिंजऱ्याच्या छतावर, थोडं दाराच्या उंबऱ्यावर, आणि सगळ्यांत आवडीचं आत, मागच्या दांडीजवळ. कॉकटेल-बजीसाठी राळ्याचं कणीस, कोन्युरसाठी सफरचंदाची किंवा पेरूची फोड, ग्रेसाठी अक्रोड किंवा सालासकट शेंगा. लांबून दिसेल असं. पाणी विसरू नका, उन्हाळ्यात खाण्याआधी तेच लागतं.

आता पुण्यातली खास अडचण: कबुतरं. वाटीभर राळा ठेवून तुम्ही चहाला गेलात की परत येईपर्यंत वाटी साफ, आणि वीस कबुतरांच्या घोळक्यात तुमचा पक्षी उतरायचा नाही. म्हणून सुटे दाणे चिमूटभरच ठेवा, कणीस तारेने बांधा, आणि पिंजऱ्यापाशी सतत एक माणूस असू द्या.

जोडीदार पक्षी असेल तर त्याला वेगळ्या छोट्या, कुलूपबंद पिंजऱ्यात घालून शेजारी ठेवा. त्याला एकटा सोडून कुठेही जाऊ नका. घारी आणि मांजरं आहेत, दुपारचं ऊन आहे.

> सावध: झाड हलवणं, दगड, गलोल, चिकट डिंक, पाण्याचा फवारा यांतलं काहीही नको. "भिजवला की उडत नाही" हा सल्ला हमखास मिळतो. भिजलेला पक्षी खाली पडतो, मांजराच्या पुढ्यात, आणि डिसेंबर-जानेवारीच्या रात्री भिजलेला बजी सकाळ पाहत नाही.

## टप्पा ५: उतरवणं

पिंजऱ्याजवळ तो ज्याला सगळ्यांत जास्त ओळखतो ते माणूस बसवा. एकच, फार तर दोन. नेहमीचे घरातले कपडे. टोपी, गॉगल, मास्क, हेल्मेट काढा, काही पक्षी चष्मा बदलला तरी बिचकतात. बाकीच्यांनी लांबून नजर ठेवायची.

आणि मग खा. खरंच. ताटलीत पोहे घ्या, चमचा वाजवा, दाण्यांची स्टीलची वाटी हलवा, पिंजऱ्याशेजारी निवांत बसून खा. पोपट थव्याने खाणारा प्राणी, आपली माणसं खाताना दिसली की त्यालाही भूक आठवते. सारखं वर बघत "ये ना, ये ना" करण्यापेक्षा हे पुष्कळ जास्त चालतं.

पक्ष्याकडे मधून मधून तिरक्या नजरेने बघा. अंग चपटं करून, मान वाकडी, एक डोळा आकाशाकडे लावून तो थिजल्यासारखा बसला असेल तर वर घार किंवा शिक्रा आहे. त्या वेळी हाका मारू नका, तो हलणार नाही आणि हलूही नये. पिसं सैल करून चोच घासत असेल, अंग झाडत असेल तर सावरला आहे. पुढे झुकतो, पंख खांद्यापासून किंचित उचलतो, डोकं वरखाली करून अंतर जोखतो, पटकन विष्ठा टाकतो, हे उडायच्या तयारीचं लक्षण. नेमकी तेव्हा हाक मारा आणि हातातलं कणीस दाखवा. तासभर सलग मारलेल्या हाकांपेक्षा या क्षणाची एक हाक जास्त काम करते.

तो कदाचित एका दमात येणार नाही. शेंड्यावरून मधल्या फांदीवर, तिथून खालच्या, तिथून कठड्यावर. प्रत्येक पायरीवर दहा-वीस मिनिटं जाऊ शकतात. एक फांदी खाली उतरला की घाईने पुढे सरकायचा मोह होतो, तो आवरा. त्याने अंतर कमी करायचं, तुम्ही नाही.

उतरताना तो पिंजऱ्यावरून पुढे निघून जाईल, असंही होतं. खालून धावू नका. डोळा ठेवणाऱ्याने कुठे बसला ते बघायचं आणि पिंजरा तिकडे हलवायचा. टप्पा ४ पुन्हा.

वायरीवर किंवा ट्रान्सफॉर्मरजवळ बसला तर बांबू, आकडी, लोखंडी शिडी काहीही नेऊ नका. धोका त्याच्यापेक्षा तुम्हाला जास्त आहे. महावितरणला १९१२ वर कळवा. मांज्यात अडकला असेल तर मात्र वाट बघत बसू नका, १०१ वर फायर ब्रिगेडला बोलवा. अडकलेल्या पक्ष्याला शिडीच लागते. मोकळ्या बसलेल्या पक्ष्यासाठी शिडी आणली तर तिच्या आवाजानेच तो पुढच्या पेठेत पोहोचतो.

## टप्पा ६: दार बंद करणं

पक्षी पिंजऱ्यावर आला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि गेला. किंवा उंबऱ्यावर होता, दार आपटलं, शेपटीला लागलं, गेला. ही दुसरी चूक फार महागात पडते, कारण आता पिंजराच त्याला धोक्याचा वाटतो.

बाजारातल्या बहुतेक तारेच्या पिंजऱ्यांचं दार वर सरकणारं असतं. चिमटा काढून त्याखाली एक आडवी काडी टेकवा, काडीला सुतळी बांधा आणि सुतळीचं टोक दहा-पंधरा फुटांवर, भिंतीआड बसलेल्या माणसाच्या हातात द्या. मांजा वापरू नका, बोटही कापतो आणि पक्षीही. दाराच्या खालच्या कडेला जुन्या बनियनची पट्टी गुंडाळा म्हणजे आवाजही होणार नाही आणि लागणारही नाही. बाजूला उघडणारं दार असेल तर सुतळी दारालाच बांधून ओढायची.

पक्षी यायच्या आधी पाच-सहा वेळा ओढून बघा. काडी अडकते का? दार अर्ध्यात थांबतं का? सुतळी स्टुलाच्या पायात गुंतते का? हे आधीच कळलेलं बरं.

ओढायचं कधी: दोन्ही पाय आतल्या दांडीवर, शेपूट दाराच्या पार आत, डोकं खाण्यात. पहिला दाणा तोंडात गेल्या गेल्या नाही. दोन-चार दाणे खाऊ द्या. भुकेला पक्षी एकदा खायला लागला की सहसा थांबत नाही.

> तपासा: पक्षी पिंजऱ्याच्या छतावरच बसून खात असेल तर छतावरचं खाणं पुन्हा भरू नका. संपलं की तो उंबऱ्यावर येईल. छतावर असताना हाताने धरायला जाणं फक्त रोज हातावर बसणाऱ्या पक्ष्याच्या बाबतीत, आणि तेही बोट पुढे करून.

## टप्पा ७: अंधार पडला आणि आला नाही तर

सूर्य मावळायच्या आधीचा अर्धा तास त्याच्यावरून नजर हलवू नका, कारण जिथे बसेल तिथेच तो रात्र काढेल. झाड, फांदी, दिशा लिहून ठेवा, जमलं तर फोटो काढा. मग निघा. रात्री टॉर्च मारून, झाडावर चढून त्याला उठवू नका. अंधारात त्याला नीट दिसत नाही, उडाला तर भिंतीवर किंवा वायरीवर आदळतो आणि सकाळी कुठे शोधायचा हेही हातात राहत नाही. फांदी खरोखर हाताच्या उंचीवर असेल आणि रोज हाताळणारं माणूस सोबत असेल, तरच बघा.

सकाळी उजाडायच्या अर्धा तास आधी त्याच झाडाखाली हजर. पुण्यात जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो, जूनमध्ये सहाच्या सुमारास, त्या हिशेबाने गजर लावा. पिंजरा रात्रीच जागेवर नेऊन ठेवलेला असावा, खाणं पहाटे ठेवा, नाहीतर उंदीर-घुशी संपवतात. दुसरी सकाळ ही सगळ्यांत चांगली संधी असते. रात्रभर उपाशी, भीती ओसरलेली, आजूबाजूला रहदारी नाही. आणि नेमके याच सकाळी बहुतेक जण आशा सोडून झोपलेले असतात.

बजीसारख्या छोट्या पक्ष्याला उपास फार काळ सोसत नाही, त्याच्यासाठी पहिले दोन दिवस जिवापाड करा. कॉकटेल, कोन्युर, ग्रे यांचा शोध त्यानंतरही चालू ठेवा. असे पक्षी पुष्कळदा आठवड्याने भलत्याच गॅलरीत, भुकेने माणसाजवळ येऊन बसलेले सापडतात. म्हणून पोस्टर लगेच काढू नका, आणि दर दोन दिवसांनी मेसेज पुन्हा टाका.

## टप्पा ८: परत आल्यावर

आंघोळ नको, कौतुकाचे व्हिडिओ नकोत, पाहुणे नकोत. शांत, मंद उजेडाची खोली, पाणी आणि नेहमीचं खाणं. मग लांबूनच बघा: श्वास घेताना शेपूट वरखाली हलते का, एक पंख लोंबतोय का, पाय टेकतोय का, विष्ठा नेहमीसारखी आहे का. पंखाखाली आणि पायाभोवती मांज्याचा धागा शोधा.

मांजराचा दात किंवा नख लागल्याचा संशय जरी असला तरी त्याच दिवशी, त्याच तासात पक्ष्यांच्या डॉक्टरकडे. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते, पण मांजराच्या तोंडातले जंतू पक्ष्याला दोन दिवसांत संपवू शकतात. हळद लावून बघू नका.

घरात दुसरे पक्षी असतील तर याला काही आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा. बाहेर तो कबुतरांमध्ये राहून आला आहे.

मग ज्या वाटेने गेला ती बंद करा. गॅलरीला बारीक जाळी, दाराला आतून पडदा, पिंजऱ्याच्या वर सरकणाऱ्या दाराला चिमटा किंवा छोटा हुक. ही दारं ग्रे आणि कोन्युर चोचीने सहज उचलतात. पंख छाटलेत म्हणून निर्धास्त राहू नका. नवी पिसं कधी पूर्ण आली ते लक्षात येत नाही, आणि अर्ध्या पंखांनीही चौथ्या मजल्यावरून वाऱ्यावर तो रस्त्यापलीकडे जातो.

रोज संध्याकाळी खायच्या वेळी एकच ठरलेली शीळ घाला आणि त्या शिळेवर पिंजऱ्यात आला तरच आवडीचा दाणा द्या. आधी हातभर अंतरावरून, मग खोलीच्या दुसऱ्या टोकावरून, मग दुसऱ्या खोलीतून. जमलं की कपाटावर बसवून खाली बोलवा, मग पडद्याच्या दांडीवरून. उंचावरून उतरायची ही सवय त्याला घरातच लावता येते. शीळ घरातल्या सगळ्यांना एकसारखी यायला हवी, आणि ती एरवी गंमत म्हणून कोणी वाजवायची नाही.